खेळायची गोधडी: मगजीपर्यंत पोचले

मैत्रिणीची नात सात महिन्यांची झाली. बसायला लागली आहे, पोटावर सरकते, आणि हाताला लागेल ते तोंडात. तिच्यासाठी जमिनीवर अंथरायची गोधडी शिवते आहे. पांघरायची नाही, हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवलंय. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटं, जाड पांघरूण नको.

माप सोपं ठेवलं. साडेसहा इंचाचे 36 चौकोन, पाव इंच शिवण, म्हणजे शिवून सहा इंच. सहा ओळी, भोवती दोन इंचांचा काठ, एकूण 40 बाय 40. कापड कापायच्या आधी सगळं धुऊन घेतलं. लाल सुती कापडाचा रंग सुटत होता. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं आपण ऐकत आलोय, पण हल्लीच्या तयार सुती कापडावर त्याचा उपयोग होत नाही. तीनदा धुतलं, मग ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून पाहिला. तो पांढराच राहिला तेव्हा कात्री लावली.

या वेळी रंगसंगती मी दुसऱ्या नंबरवर ठेवली. ही गोधडी आधी तळहातांनी आणि गुडघ्यांनी पाहिली जाणार. म्हणून फ्लॅनेल (मऊ सुती), कॉर्डरॉय (उभ्या रेघांचं, लव असलेलं), टॉवेलचं कापड, साधं सुती आणि थोडं साटीन घेतलं. सगळे चौकोन पलंगावर मांडले, डोळे मिटले आणि हात फिरवत गेले. जिथे सलग दोन चौकोन सारखेच लागले, तिथे अदलाबदल केली. अर्धा तास गेला, पण मांडणी इतकी मनासारखी क्वचितच होते.

खरा घोळ कॉर्डरॉयने घातला. सुलट बाजू आत येते, त्यामुळे त्याची लव शेजारच्या कापडाला ढकलत राहते. पहिल्या ओळीत प्रत्येक जोडाला दोन-तीन मिलिमीटर सरकलं आणि ओळीच्या टोकाला चौकोनांचे कोपरे जुळेनात. अख्खी ओळ उसवली. टाचण्यांनी भागलं नाही. शेवटी प्रत्येक जोडाला हाताने कच्चा टाका घातला, मशीनला वॉकिंग फूट (वरचं आणि खालचं कापड एकसारखं पुढे सरकवणारा पाय) लावला आणि हळू चालवलं. आता जोड बरोबर बसतात. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर उरलेलं कापड, पातळ कापडाकडे वळवा, नाहीतर तिथे गाठीसारखा उंचवटा राहतो. इस्त्री उलट बाजूने, खाली टॉवेल घालून, म्हणजे लव दबत नाही. आणि दर दोन ओळींनी बॉबिनकेसखालचा (खालच्या दोऱ्याच्या डबीखालचा) केर ब्रशने काढा. माझ्याकडे राखाडी कापसाची वातच निघाली.

चौकोनांच्या जोडांमध्ये साटीनच्या रिबिनीचे आठ पट्टे घातलेत. दुमडून इंचभरच बाहेर, बोट अडकेल असा फासा होऊ नये म्हणून चपटे. टोकं शिवणीत घेऊन तीनदा शिवली आणि प्रत्येक पट्टा जोर लावून ओढून पाहिला. बटणं, मणी काही नाही. चुरचुर आवाज करणारा प्लॅस्टिकचा तुकडा आत घालायचा विचार होता, तो सोडला. त्या चौकोनावर पुन्हा कधी इस्त्री फिरवता आली नसती.

मध्ये सुती बॅटिंग, म्हणजे आत भरायचा मऊ थर, मागे फ्लॅनेल. मुठीमुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना लावल्या, 90 नंबरची सुई, टाका तीन मिलिमीटर, आणि चौकोनांच्या कर्णांवरून सरळ रेघा. नक्षीदार क्विल्टिंगचा (तिन्ही थर जोडणाऱ्या शिवणीचा) मोह झाला होता, पण कॉर्डरॉयवर ते दिसतच नाही.

आता मगजी, म्हणजे कडेवर दुमडून शिवायची पट्टी. चारही कोपरे ताटलीने आखून गोल केलेत, कारण टोकदार कोपरा घडीने जाड होतो आणि तोच नेमका हिरड्यांखाली जाणार. गोल कोपरा म्हटला की पट्टी उरेबच, म्हणजे कापडावर तिरकी कापलेलीच हवी. उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी वळणावर सुरकुत्या पाडते. सव्वादोन इंच रुंद, जोडून साधारण 170 इंच, दुहेरी दुमडून. वळणावर पट्टी ताणायची नाही. उलट किंचित सैल सोडायची, नाहीतर कोपरा वाटीसारखा वर उचलतो. पुढची बाजू मशीनवर झाली. मागची हाताने, लपता टाका घालून. तीन कोपरे झाले, चौथा आज रात्री. मग एक धुणं, आणि रिबिनी पुन्हा एकदा ओढून बघणार.