गच्चीवरचा पाऊसमापक, लॉग ६ : ‘कल’चा घोळ

मागच्या लॉगमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मापक एमसीपीवरून (एआयला बाहेरची साधनं जोडायची पद्धत) एजंटला, म्हणजे घरच्या एआय मदतनिसाला जोडला, आता घरात कुणीही विचारा किती पडला, उत्तर हजर. तोरा आठवडाभर टिकला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, इंदूरला लोकमान्यनगरात आमची गच्ची, त्यावर टिपिंग बकेट जातीचा मापक, आत झोक्यासारख्या दोन वाट्या, एक भरली की उलटते, चुंबकामुळे रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) टिक करतो, ईएसपी३२ नावाची छोटी चिप ते टिक मोजून रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर पाठवते. माझ्या बकेटची एक टिक म्हणजे ०.२७९४ मिमी. हा आकडा मला झोपेतही पाठ आहे आणि माती तिथेच खाल्ली. एजंट माझं जे फंक्शन बोलावतो ते त्याचं टूल, आणि पायथनमध्ये फंक्शनची डॉकस्ट्रिंग (आत सुरुवातीला लिहिलेली टीप) एजंटला टूलचं वर्णन म्हणून जाते, आणि माझ्या डॉकस्ट्रिंगमध्ये होतं फक्त ‘दिवसाचा पाऊस देतो’. टूलने दिले ७०. एजंटने धरले ७० मिमी, हवामान खात्याच्या हिशोबात ६४.५ ओलांडले की ‘हेवी’, तर साहेबांनी बाबांना सांगून टाकलं की जोरदार झाला. बाबा गच्चीवर जाऊन आले. म्हणाले, बाहेर राहिलेल्या बादलीत बोटाचं एक पेर बुडतंय, कसला जोरदार? बरोबरच होतं त्यांचं, ७० टिक म्हणजे साडेएकोणीस मिमी.

मग टूल सरळ मिमीच देईल असं केलं, वर्णनातही लिहिलं, आणि बाबांनाच वाचायला दिलं. त्यांचा पहिला प्रश्न, दिवस म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? मी म्हटलं रात्री बारा ते बारा, अजून काय. म्हणे पेपरात येतो तो सकाळी साडेआठ ते साडेआठचा असतो, तुझा आकडा त्याच्याशी कसा जुळणार? हे मला माहीत होतं हो, पण लिहायचं सुचलंच नाही, कारण मला माहीत होतं! आता वर्णनात आहे की दिलेल्या तारखेला सकाळी ८.३० ला संपणारे २४ तास.

आता खरी मजा. घरी आमची भाषा अर्धी मराठी अर्धी हिंदी, त्यामुळे दिवसासाठी मी दोन पर्याय ठेवले होते, ‘आज’ आणि ‘कल’. माझ्या डोक्यात कल म्हणजे होऊन गेलेला. मुलीने रात्री एजंटला विचारलं, कल बारिश है क्या? त्याला टूलमध्ये आयता ‘कल’ दिसला, त्याने आदल्या दिवसाचा शून्य आणला आणि सांगितलं, कल बारिश नहीं है. पोरगी रेनकोट न घेता कॉलेजला, आणि येताना नखशिखांत भिजून. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, एजंटशी बोलत होती. मराठीत ‘काल’ लिहिलं असतं तर भागलं असतं भिया, एका कान्यासाठी एवढं.

आता पर्याय काढले, फक्त तारीख, २०२५-०७-०५ अशीच. पुढची तारीख दिली तर आधी मुकाट शून्य यायचा, आता पूर्ण वाक्य येतं, ‘ही तारीख अजून आलेली नाही, हे टूल पडून गेलेला पाऊस सांगतं, अंदाज देत नाही’. एररमध्ये असं लिहिल्याचा फायदा वर्णनापेक्षाही जास्त वाटला मला, एजंट ते वाचून स्वतःच म्हणतो की अंदाज माझ्याकडे नाही. पूर्वी माझा एरर होता ‘कोड २’. कोड २ म्हणजे काय ते आता मलाही आठवत नाही.

एक नुकसान झालंच. टेस्टच्या टिक पुसायला ‘सफाई’ नावाचं टूल केलं होतं, वर्णन काहीच नाही. जाळीत कडुनिंबाची पानं अडकली तेव्हा बाबांनी एजंटला सांगितलं की चोक झालाय, सफाई लागेल. झाली सफाई, जूनच्या नऊ दिवसांच्या नोंदी गेल्या. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आणणारं गाव आमचं, काय बोलणार. एमसीपीत टूलवर ‘डिस्ट्रक्टिव्ह’ अशी खूण लावता येते, पण ती नुसती सूचना, कुलूप नाही. मी ते टूल एजंटच्या हातातूनच काढलं, आता पुसायचं तर मी स्वतः रास्पबेरी पायसमोर बसून पुसणार.

टूलं नवावरून तीनवर आणली. ‘आजचा’, ‘तारखेचा’, ‘आत्तापर्यंतचा’ अशी सारख्या तोंडाची पोरं होती, एजंट दरवेळी वेगळ्याच पोराला हाक मारायचा.

अडलंय ते इथे, जाळी चोक असली तरी टिक शून्य आणि कोरडा दिवस असला तरी शून्य. ओलाव्याचा सेन्सर शेजारी लावायचा विचार आहे, कुणी लावला असेल तर सांगा. तोवर बाबा बादलीत फूटपट्टी घालून कॅलेंडरवर आकडे लिहितायत, शनिवारी पोहे खाताना ताळा करायचा ठरलंय.