मेलॅनिनचा तास

नववीला त्वचेचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हिला घरचे उन्हातच विसरले वाटतं!" वर्ग खिदळला. ती रागावली नाही, वहीत समास आखत राहिली. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारी ही मुलगी अलीकडे येत असलेलं उत्तरही देत नसे. शाळा बुडवणारी मुलं निदान हजेरीत दिसतात. वर्गात बसून गप्प होत जाणारी कुठेच नोंदली जात नाहीत.

दटावून विषय मिटवता आला असता. त्याऐवजी मी विचारलं, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गडद त्वचेत किती पट जास्त असतात? दुप्पट, दहापट, शंभरपट... अंदाज वाढतच गेले. खरं तर त्या पेशी सगळ्यांच्या त्वचेत जवळपास सारख्याच असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात, हा मुख्य फरक. प्रखर उन्हाच्या प्रदेशात गडद त्वचा शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व वाचवते, कमी उन्हात फिकट त्वचेला ड जीवनसत्त्व बनवणं सोपं जातं.

"हे माहीत असूनही लोक तसं का वागतात?" तिनंच विचारलं. बऱ्याच दिवसांनी.

जीवशास्त्र इथं अपुरं पडतं. मी केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. निम्म्याहून जास्त मुलांनी 'चांगली' म्हणून गोरी निवडली. शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या खटल्यात हे संशोधन मांडलं गेलं.

"इतक्या लहान मुलांना शिकवलं कुणी?" हा प्रश्न मघाशी शेरा मारणाऱ्याचा. मी वर्गालाच यादी करायला सांगितली. जाहिराती, खेळणी, मोठ्यांच्या गप्पा. मग तिची शेजारीण म्हणाली, "शिक्षकसुद्धा. धावायच्या शर्यतीला हिचं नाव न विचारता घालतात, विज्ञान प्रदर्शनाला कधीच नाही."

हे मी शिक्षकांच्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. "अहो, आम्ही कौतुकच करतो!" एक सहकारी दुखावले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते कौतुक तिला विज्ञानापासून लांब ठेवत होतं. वाद बराच लांबला. शेवटी दोन गोष्टी ठरल्या : वर्णावरून केलेली शेरेबाजी यापुढे 'मस्करी' म्हणून सोडून न देता स्वतंत्र नोंदवायची, आणि प्रदर्शनासाठी सगळ्यांकडून प्रकल्पाची कल्पना लिहून घेऊन, नावं झाकून निवड करायची.