तुम्ही विचारलंत म्हणून: डबिंग असताना सबटायटल कशाला?

लपूनछपून खेळायचे हॉरर गेम मी खेळतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "डबिंग असताना मूळ जपानी आवाज ठेवून खाली सबटायटल कशाला वाचता? वाचत बसलात तर घाबरणार कधी?"

यातला घाबरण्याचा मुद्दा बिनतोड आहे. कपाटाच्या फटीतून बघताना नजर शत्रूच्या पायांवर खिळलेली हवी, आणि नेमकी तेव्हाच खाली ओळ उमटते, "कोण आहे तिकडे?" नजर जाणारच. त्याहून वाईट म्हणजे, भिंतीपलीकडून जेमतेम ऐकू यावी अशी ठेवलेली पुटपुट स्वच्छ अक्षरांत समोर येते. मग कान टवकारायची गरजच उरत नाही, आणि या प्रकारात अर्धा खेळ कानांचाच असतो. 'एलियन: आयसोलेशन' (2014) मध्ये तर मायक्रोफोनची सोय चालू केली की तुमच्या खोलीतला आवाजही गेममधल्या पाठलाग करणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्याला ऐकू जातो. शिंक आली तर मेलात!

तरीही मी डबिंग टाळतो, त्याला कारण 'सायरन'. 2003 चा प्लेस्टेशन 2 वरचा जपानी गेम, 'सायलेंट हिल' हा हॉरर गेम करणाऱ्या केइइचिरो तोयामांचा. हानुदा नावाच्या डोंगरातल्या गावात माणसं अडकलेली, आणि आजूबाजूला मेलेले पण अजून वावरणारे गावकरी, म्हणजे शिबितो. तुमचा खरा आधार 'साइटजॅक'. रेडिओचं स्टेशन लावावं तशी कंट्रोलरवरची स्टिक हळूहळू फिरवायची. खरखर थांबते आणि तुम्ही त्या शिबितोच्या डोळ्यांनी बघू लागता. त्याची धाप ऐकू येते, पुटपुटणं ऐकू येतं, आणि एका क्षणी त्याच्या नजरेसमोर येता ते वाकून लपलेले तुम्हीच.

आता इंग्रजी आवृत्ती लावा. चेहरे खऱ्या जपानी कलाकारांचे, फोटोंवरून बनवलेले, आणि तोंडून बाहेर पडतं ब्रिटिश उच्चारांचं टापटीप इंग्रजी. जीव मुठीत धरून पळतायत, पण बोलण्यात धाप कुठेच नाही. शिबितोंच्या श्वासाने बसलेली भीती ही जिवंत माणसं तोंड उघडून घालवतात.

म्हणून मूळ ते सगळं सोनं, असंही नाही. 1996 चा पहिला 'रेसिडेंट ईव्हिल' हा जपानी हॉरर गेम जपानमध्येसुद्धा इंग्रजी आवाज आणि जपानी सबटायटल घेऊनच आला. तिथे इंग्रजी हेच मूळ, आणि त्यातला अभिनय लोक आजही हसायला म्हणून ऐकतात. 2002 च्या रीमेकसाठी आवाज नव्याने रेकॉर्ड करावे लागले.

खरी गोची रेकॉर्डिंगच्या पद्धतीत आहे. डबिंग कलाकार बऱ्याचदा बूथमध्ये एकटा असतो. समोर ओळींची यादी, प्रसंग दिसत नाही, आणि वाक्य मूळ वाक्याच्या लांबीत बसवायचं. "इकडे ये" हे शेजारच्याच्या कानात कुजबुजायचं की जिन्याखाली ओरडायचं, हे कुणी सांगितलं नाही तर तो मधल्या पट्टीत म्हणून मोकळा होतो. कटसीनमध्ये, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेल्या कथेच्या दृश्यात, एकदा खपून जातं. पण पहाऱ्यावरच्या शत्रूंच्या छोट्या ओळी, ज्यांना या धंद्यात 'बार्क' म्हणतात, त्या मरून पुन्हा सुरू केलं की परत परत ऐकाव्या लागतात. शिवाय त्यांच्या सुरावरूनच कळायला हवं की त्याला संशय आलाय की त्याने शोध सोडलाय. दोन्ही सारख्याच सुरात आले तर तुम्ही भलत्याच वेळी बाहेर पडता. सपाट आवाज शोभतो तो 'आयसोलेशन'मधल्या वर्किंग जो नावाच्या अँड्रॉइडना, म्हणजे माणसासारख्या यंत्रमानवांना. गळा दाबतानाही त्यांचं सौजन्य ढळत नाही, कारण ते तसंच लिहिलंय.

तर माझी सध्याची सोय अशी: आवाज मूळ भाषेतला, आणि गेम परवानगी देत असेल तर सबटायटल फक्त कथेपुरतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (2020) मध्ये कथेचे संवाद तेवढे ठेवून लढाईतले वगळता येतात. मी वगळतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी मात्र दोन्ही चालू ठेवावेत. आवाज कुठल्या दिशेने आला, त्याचा बाणही ओळीशेजारी लावता येतो.