बदक कोणाच्या हातात होतं

रात्रीचे साडेबारा वाजलेत. पाऊस थांबलाय, पागोळ्या अजून गळतायत. झोप लागत नाही. कारण इतकं छोटं आहे की कुणाला सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहितोय.

आज गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, जायचं ठरलं होतं. पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो सकाळी आठलाच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले आणि ताईने बजावलं, पोराला तिकडे न्यायचं नाही. मग दिवसभर त्याला गुंतवायचं कशात? माळ्यावरून टीव्ही गेमचा खोका काढला. पिवळी-पांढरी वायर नव्या टीव्हीच्या मागे कशीबशी बसली. चालू होईल असं वाटलं नव्हतं. झाला.

'डक हंट'. १९८४ सालचा खेळ. तेच निळं आभाळ, तेच गवत, हुंगत हुंगत येणारा तोच कुत्रा. छातीत कसंतरी झालं. पण बंदूक चालेना. दहा बदकं आली, दहाही उडून गेली आणि कुत्रा दर वेळी गवतातून वर येऊन हसला.

हे होणार हे मला माहीत होतं, तरी आशा होती. त्या बंदुकीतून काही सुटतच नाही. चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. म्हणजे गोळी उलटी येते, टीव्हीतून बंदुकीत. जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र तिथल्या तिथे उमटायचं. नवा टीव्ही ते आधी आपल्याशी घोळवतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून जाते. आमचा टीव्ही भंगारवाल्याने जिन्यावरून उतरवला त्या दिवशीच खरं तर... असो.

भाच्याने कुरकुर केली नाही. बंदूक बाजूला ठेवली आणि गेमचा रिमोट हातात घेऊन उगाच बाण दाबत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, बदक माझं ऐकतंय."

मला पटेना. रिमोट घेतला, डावा बाण दाबला. बदक डावीकडे वळलं. वर दाबला, वर गेलं. एकच बदक येणारा खेळ लावला की ते रिमोटने फिरवता येतं, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

आणि तो रिमोट तेव्हा ताईच्या हातात असायचा. "मी नुसती धरून बसलेय," म्हणायची.

माझा नेम वाड्यात प्रसिद्ध होता. दहापैकी दहा. पोरं दाराशी उभी राहून बघायची, पाहुणे आले की आण्णा मुद्दाम मला खेळायला लावायचे. शाळेत मी कशात पुढे नव्हतो. एक नेम तेवढा माझा होता. तोही माझा नव्हता?

दुपारभर हेच. पुरावे आठवत बसलो. 'कॉन्ट्रा' हा दुसरा गेम आम्ही दोघं मिळून खेळायचो. त्यात धबधब्याच्या लेव्हलला एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. मी कधी त्यात मेल्याचं आठवत नाही. ताई थांबायची. त्या लेव्हलचं संगीत मात्र अख्खं आठवतं, आता तोंडाने वाजवून दाखवीन. त्या यंत्राला आवाजाच्या पाचच वाटा होत्या आणि पाचांत त्यांनी जीव ओतला होता. आताच्या खेळांना अख्खा वाद्यवृंद असतो, पण खेळून उठलं की एक सूर सोबत येत नाही. हे माझं ठाम मत आहे.

पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी, आताचं झी मराठी, आलं, संध्याकाळी टीव्ही मालिकांचा झाला आणि आमचा गेम खोक्यात गेला. विनोदी काही लागलं की आधी आण्णा हसायचे, त्यांचं बघून आम्ही. आताच्या कार्यक्रमांत हसायला परीक्षक समोर बसवलेले असतात, मला त्यांच्याबरोबर हसता येत नाही. आण्णांचं हसणं वेगळं होतं. त्याबद्दल आज नको.

सात वाजता ताई आली. विचारायचं ठरवून बसलो होतो, विचारलं नाही. टीव्ही चालूच होता. पर्स खांद्यालाच, तिने रिमोट उचलला. बदक गवतातून निघून उजव्या कोपऱ्याकडे सुटलं होतं. तिच्या अंगठ्याने ते मागे ओढलं, पडद्याच्या मधोमध आणलं आणि तिथेच फडफडत ठेवलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मार ना."

बंदूक चालत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिन्ही गोळ्या झाडल्या. बदक उडून गेलं. "नेम गेला रे तुझा," म्हणाली आणि पोराचे बूट शोधायला लागली.

दुपारी वाटत होतं, माझ्या हातातलं कुणी काढून घेतलं. आता दुसरंच डोक्यातून जात नाहीये. तिलाही चाप ओढावासा वाटत असणारच की. तिची पाळी कधी यायची? मघापासून आठवतोय. ताईच्या हातात बंदूक, असं एकही चित्र डोळ्यांसमोर येत नाही. एकही नाही.

उद्या भंगारवाल्यांकडे जाऊन येतो. चालू डब्बा टीव्ही कुणाकडे तरी असेलच. रिमोट मी धरतो.