तुम्ही विचारलंत म्हणून: कॉर्नेटवाल्याचे हातमोजे

"शंभर वर्षांपूर्वीच्या शिकागोतल्या काळ्या वादकांवर कॉमिक का काढतेस? आपल्याकडे बँडवाले नाहीत का?" घरच्या लग्नात, छापखान्यात, जिथे जाईन तिथे हे ऐकते.

आहेत. पण मी एप्रिल १९२३ मध्ये अडकलेय. किंग ऑलिव्हरचा जॅझ बँड शिकागोहून इंडियानातल्या रिचमंडला रेकॉर्डिंगला गेला. मायक्रोफोन नव्हता, सगळ्यांनी आवाज टिपणाऱ्या एका भोंग्यासमोर वाजवायचं. शेजारी रेल्वेचे रूळ, गाडी आली की थांबायचं. बँडमधल्या तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ, सगळ्यांना झाकून टाकायचा, म्हणून त्याला लांब मागे उभं केलं. पियानोवर लिल हार्डिन होती. लुई तिथे मागे किती उदास दिसत होता, हे पुढे तिनंच सांगितलंय. ते अंतर रेकॉर्डवर दिसत नाही. चौकटीत काढता येतं.

आधी मी दुसरं उत्तर द्यायचे. पियानोवादक टेडी वेदरफर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवायचा, तोच पुढे १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवू लागला, गोव्याचे वादक त्याच्याकडून शिकले, म्हणजे जॅझ आपलाही. हे सगळं खरं आहे. पण मला ते पहिला अंक छापून झाल्यावर कळलं. ते कारण नव्हतं, ढाल होती.

त्या पहिल्या अंकाबद्दल मला कुणी विचारत नाही. त्यात माझी पात्रं जुन्या कार्टूनसारखी होती: रबरी नळीसारखे हात, मोठं पांढरं तोंड, पांढरे हातमोजे. पुण्यात एका छोट्या प्रदर्शनात मी टेबल मांडलं होतं. केनियाहून शिकायला आलेला एक मुलगा अंक चाळत उभा राहिला. रेल्वेच्या पानावर हसलाही. मग म्हणाला, "यानं हातमोजे का घातलेत?"

मी लगेच सांगितलं: काळ्या-पांढऱ्या चित्रात काळ्या अंगावर काळा हात दिसत नाही, म्हणून.

त्यानं चौकटीवर बोट ठेवलं. "पण हात अंगावर नाहीये. कॉर्नेटवर आहे. कॉर्नेट पांढरा आहे."

मी गप्प. "आणि तोंड?" एवढं विचारून त्यानं अंक गठ्ठ्यावर परत ठेवला, कडा सरळ केल्या आणि गेला.

ते तोंड, ते हातमोजे अमेरिकेतल्या मिन्स्ट्रेल नावाच्या जुन्या खेळांच्या रंगमंचावरून आले. गोरे नट जळक्या बुचाच्या काजळीनं चेहरा काळा करून काळ्या माणसांची टवाळी करायचे. तिथून ते कार्टूनमध्ये शिरलं. ज्यांच्या वादनावर मी जीव टाकते, त्यांनाच मी तो मुखवटा चढवला होता. मला माहीत नव्हतं, असं मी वर्षभर सांगत आले. खोटं आहे. मी वाचलं होतं. ती रेषा हाताला गोड लागत होती आणि मला ती सोडवत नव्हती.

राहिलेल्या प्रती मी विकल्या नाहीत. मग हे काढायचा हक्क मला आहे का? कधी वाटतं आहे, कधी अजिबात नाही.

दुसऱ्या अंकासाठी मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका काकांना तासभर समोर बसवलं. तीन व्हॉल्व्हवर तीन बोटं कशी पडतात, करंगळी कुठे जाते, ते नुसतं बघितलं. बोटं जमली. निघताना काका आर्मस्ट्राँगच्या फोटोकडे बघत म्हणाले, "ओठ नीट काढा ताई. वाजवून वाजवून फाटतात ते."

तिसऱ्या अंकाची पानं शाई होऊन पडली आहेत. मागे उभ्या असलेल्या माझ्या कॉर्नेटवाल्याचा ओठ अजून पेन्सिलीतच आहे.