मनिला: निळीच्या झाडांचं गाव

नकाशावर मनिला, पण इथली माणसं बोलताना 'मायनिला'च म्हणतात. टागालोग या इथल्या फिलिपिनो लोकांच्या भाषेत 'माय' म्हणजे 'आहे', आणि जिथे जे उगवतं त्यावरून गावाला नाव द्यायची यांची जुनी पद्धत, उत्तरेला मेकावायान नावाचं शहर आहे (तोच 'माय' तिथे 'मे' झालाय), कावायान म्हणजे बांबू. आपली चिंचवड, पिंपळगाव अशीच की!

मग मायनिलात काय आहे? इंत्रामुरोस या जुन्या स्पॅनिश शहराच्या तटबंदीतून फिरताना आमच्या गाईडने सांगितलं 'निलाद', खारफुटीत वाढणारं पांढऱ्या फुलांचं झुडूप. बहुतेक लोक हेच सांगतात. गोष्ट छान आहे पण मला नाही पटत, कारण शेवटचा 'द' गेला कुठे? टागालोग बोलणारे शब्दाच्या शेवटचं व्यंजन असं सहज सोडत नाहीत, आणि सुरुवातीच्या स्पॅनिश कागदपत्रांतही तो नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते मूळ शब्द आहे 'निला', म्हणजे नीळ, आणि तो संस्कृत 'नील'वरून तिकडे गेलाय. म्हणजे आपलीच नीळ! हे कळल्यावर मी तिथेच थांबून सोबतच्या सगळ्यांना सांगत सुटले.

पासिग नदीच्या मुखाशी इथला स्थानिक राजा सुलायमान याचा कोट होता, तिथे आता फोर्ट सांतियागो आहे. १५७१ मधे स्पॅनिश सेनानी लेगास्पीने इथे स्पॅनिश शहर वसवलं, चर्च आली, तट आले, नाव मात्र जुनंच राहिलं, फक्त मधला 'य' गळून मनिला झालं. आजूबाजूच्या वस्त्यांत दोन्ही भाषा शेजारी नांदतात, एर्मिता, सांता क्रूझ स्पॅनिश, तर साम्पालोक टागालोग, त्याचा अर्थ चिंच.

संस्कृत इतक्या लांब कशी पोचली असं वाटत असेल तर राष्ट्रीय संग्रहालयाच्या मानववंशशास्त्र विभागात लागुना ताम्रपट बघाच. १९८९ मधे सापडलेला, कर्ज माफ केल्याचा लेख आहे, लिपी कावी (जावाची जुनी लिपी), भाषा जुनी मलय पण संस्कृत शब्दांनी भरलेली, आणि तारीख काय तर शक ८२२, वैशाख, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार! म्हणजे इसवी सन ९००, लेगास्पीच्या साडेसहाशेहून जास्त वर्षं आधी. त्यात तोंदोचाही उल्लेख आहे असं मानतात, ती वस्ती आजही पासिगच्या उत्तरेला आहे. मी त्या पत्र्यासमोर खूप वेळ उभी होते. प्रवेश फुकट आहे, मनिलाला गेलात तर मॉल एखादा कमी करा पण हे चुकवू नका.