गुडघ्याचा क्लोजअप नको

टीव्हीवर कबड्डीचं समालोचन करताना नजर मैदानापेक्षा समोरच्या मॉनिटरवर जास्त ठेवावी लागते. प्रेक्षकाला जे दिसतंय त्यावरच बोलायचं, ही या कामाची पहिली शिस्त. रेडिओचं वेगळं. बाळ ज. पंडित आकाशवाणीवर क्रिकेटचं मराठी समालोचन करायचे, तेव्हा श्रोत्यांचे डोळे तेच असत. आमच्याकडे ते काम कॅमेरा करतो. एका संध्याकाळी मात्र ही शिस्त मी मोडली, आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

कोकणात महिलांचा अंतिम सामना, थेट प्रक्षेपण. शेवटची काही मिनिटं, फरक अगदी थोडा. एका संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाई करणारी बाद. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला. मी स्वतः वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात खेळले आहे. पकड अप्रतिम होती. पण मदतीला धावलेल्या दोघी आणि चढाईपटू, सगळ्यांचा भार तिच्या गुडघ्यावर आला. ती उठलीच नाही.

कानात ओबी व्हॅनमधून, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीतून, दिग्दर्शकांचा आवाज: "स्लो-मो तयार आहे, दाखवतोय. बोला तुम्ही."

मी माईक बंद करून टॉकबॅकचं, म्हणजे फक्त दिग्दर्शकांशी बोलायचं, बटण दाबलं. "सर, गुडघ्याचा क्लोजअप नको. तिच्या घरी टीव्ही चालू असेल."

क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावर पूर्ण मैदानाचा लांबचा शॉट आला.

त्यात नुसती गर्दी दिसत होती. मी मॉनिटर सोडला आणि थेट मॅटकडे पाहिलं. ती प्रशिक्षकांशी बोलत होती, पायाची बोटं हलवून दाखवत होती. तेवढंच सांगितलं: शुद्धीवर आहे, बोलतेय, डॉक्टर पोचलेत. दुखापत कसली, किती, यावर अवाक्षर काढलं नाही. समालोचन कक्षातून ते कळत नाही, आणि अंदाज बांधणं हा मला क्रूरपणा वाटतो. स्ट्रेचर निघाल्यावर पकडीचा गुण मिळाला आहे, तो तिने मिळवलाय, हे मात्र आवर्जून सांगितलं.

राखीव खेळाडू आली, सामना संपला, तिचा संघ हरला.

रात्री तिचे प्रशिक्षक भेटले. म्हणाले, घरच्यांनी फोनवर पहिलं विचारलं ते "कुठल्या दवाखान्यात नेलंय?" शुद्धीवर आहे का, हे त्यांना विचारावं लागलं नव्हतं.

आता प्रक्षेपणाआधीच्या बैठकीत मी हा विषय काढतेच. काही दिग्दर्शक म्हणतात, रिप्लेशिवाय पकड नियमात होती की नाही हे प्रेक्षकाला कसं कळणार? मुद्दा खोटा नाही. मी सांगते, दाखवा. पण खेळाडू बोलताना दिसल्यावर, पूर्ण वेगात, आणि एकदाच.